मिथेन वरून मोजतात कसा? मंगळयानापासून कांजूरमार्गापर्यंत



 आजचा विषय बंगळुरूतून सुरू होतो आणि मुंबईत जाऊन थांबतो. मधे फक्त मंगळापर्यंत एक चक्कर मारून यायची आहे.

२४ सप्टेंबर २०१४ ची सकाळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. बंगळुरूच्या पीण्या भागातल्या इस्ट्रॅकच्या नियंत्रण कक्षात सगळे पडद्यांकडे डोळे लावून बसले होते आणि मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं. पहिल्याच प्रयत्नात, आणि साधारण साडेचारशे कोटी रुपयांत. रेशमी साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या इस्रोतल्या स्त्रियांचा तो फोटो जगभर फिरला. यानाचे संदेश शहराबाहेरच्या ब्यालाळू गावातल्या ३२ मीटर व्यासाच्या अँटेनावर येत होते.

इथपर्यंतची गोष्ट आपण सगळेच अभिमानानं सांगतो. पण यान तिकडे काय शोधायला गेलं होतं, असं विचारलं की आपण जरा अडखळतो. यानावर पाच उपकरणं होती, सगळी मिळून पंधरा किलोच्या आसपास. त्यातलं एक जेमतेम तीन किलोचं. ते अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरनं बनवलं होतं आणि त्याचं नाव होतं 'मिथेन सेन्सर फॉर मार्स'. मंगळाच्या हवेत मिथेन आहे का आणि असला तर कुठे, हे त्यानं सांगायचं होतं.

ते उपकरण हे सांगू शकलं नाही. का सांगू शकलं नाही, हे नीट समजलं तर मुंबईच्या कचऱ्याबद्दलचा एक आकडा किती भरवशाचा आहे हेही समजतं. म्हणून आज या दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या आहेत.

आधी वायूची ओळख करून घेऊ. मिथेन म्हणजे एक कार्बन आणि चार हायड्रोजन. त्याला रंग नाही आणि वासही नाही. शहरांमध्ये पाइपनं स्वयंपाकघरात येणारा गॅस मुख्यतः मिथेनच असतो. त्याला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या दुसऱ्या रसायनाचा. जिथे हवा पोहोचत नाही आणि काहीतरी सेंद्रिय कुजत असतं, तिथे मिथेन तयार होतो. भाताच्या खाचरात, गाईम्हशींच्या पोटात, सांडपाण्याच्या तळ्यात आणि कचऱ्याच्या डोंगराच्या आत. पृथ्वीच्या हवेत तो फार नाही, दहा लाख रेणूंमागे दोनपेक्षाही कमी. पण उष्णता धरून ठेवण्यात तो जबर आहे. वीस वर्षांचा हिशोब धरला तर एक टन मिथेन हा ऐंशी टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. एक चांगली गोष्टही आहे. तो हवेत दहा-बारा वर्षांत मोडून जातो. त्यामुळे आज गळती थांबवली तर तिचा फायदा आपल्याच हयातीत दिसतो.

आता, रंग नसलेला, वास नसलेला वायू पाचशे किलोमीटर उंचीवरून दिसेल कसा?

खरं सांगायचं तर तो दिसत नाही. उपग्रहाला दिसतो तो सूर्यप्रकाश. हा प्रकाश वातावरणातून खाली येतो, जमिनीवर आपटतो आणि परत वर जातो. या जाण्यायेण्यात वाटेतला प्रत्येक वायू आपापल्या आवडीच्या तरंगलांबीचा थोडाथोडा प्रकाश खातो. मिथेनला दोन पट्टे विशेष आवडतात, एक १.६५ मायक्रॉनच्या आसपास आणि दुसरा २.३ मायक्रॉनच्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोळ्याला साधारण ०.७ मायक्रॉनपर्यंतच दिसतं, म्हणजे हे पट्टे अवरक्त प्रकाशात येतात. उपग्रह वर पोहोचलेला प्रकाश मोजतो, त्यात काय कमी आहे ते बघतो, आणि त्या तुटीवरून वायू ओळखतो.

दुकानाच्या गल्ल्याशी तुलना करा. संध्याकाळी गल्ला मोजला आणि तीन रुपये कमी भरले. दिवसभराच्या सगळ्या पावत्या असतील तर एकेक तपासून तूट कुठे पडली ते शोधता येतं. पावत्याच ठेवल्या नसतील, फक्त एकूण बेरीज हातात असेल, तर तीन रुपये कमी आहेत एवढंच कळतं. कुणी घेतले ते कळत नाही. वर्णपट, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश वेगवेगळा मोजून केलेली नोंद, या आपल्या पावत्या.

मंगळयानावरच्या उपकरणाची सगळी गोष्ट या पावत्यांची आहे.

त्या उपकरणात 'फॅब्री-पेरो' जातीचा फिल्टर होता. नाव परदेशी असलं तरी कल्पना तंबोऱ्यासारखी आहे. तंबोऱ्याची तार ठरावीक लांबीची असते, आणि त्या लांबीत नेमके बसतील तेच स्वर ती धरून ठेवते. तसंच इथे. दोन अर्धपारदर्शक आरसे अगदी जवळ, समोरासमोर ठेवायचे. मधल्या फटीत प्रकाश मागेपुढे उसळतो, आणि त्या फटीत नेमकेपणानं बसणाऱ्या तरंगलांबीच पलीकडे जातात. बाकीच्या आपापसांत कटतात. पलीकडे जो प्रकाश निघतो तो फणीच्या दातांसारखा असतो, सारख्या अंतरावर एकेक दात. आता निसर्गाची मेहेरबानी अशी की १.६५ मायक्रॉनजवळच्या मिथेनच्या रेषाही बऱ्यापैकी सारख्या अंतरावर आहेत. म्हणजे आरशांमधली फट बरोबर निवडली तर फिल्टरचे दात नेमके मिथेनच्या रेषांवर बसवता येतात.

तेच केलं होतं. एका वाटेनं मिथेनच्या रेषांवर बसणारा प्रकाश घ्यायचा. दुसऱ्या वाटेनं, तुलनेसाठी, जिथे मिथेन खात नाही तिथला प्रकाश घ्यायचा. दोन्हींत फरक आला तर तो मिथेनमुळे. उपकरण हलकं, वीज कमी लागणारं. १५ किलोंत पाच उपकरणं बसवायची असताना हा विचार मला तरी हुशारीचाच वाटतो.

अडचण बेरजेत होती. सगळ्या दातांमधून आलेला प्रकाश डिटेक्टरवर एकत्र पडायचा आणि एकच आकडा व्हायचा. पावत्या नाहीत, फक्त गल्ला. मंगळाची हवा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडची आहे, आणि त्याच्याही बारीक रेषा या भागात आहेत. शिवाय मंगळाची धूळ, ऋतूप्रमाणे बदलणारी तिची दाटी, लाल मातीचा इकडे कमी तिकडे जास्त चमकणारा पृष्ठभाग. या सगळ्यांनी होणारा फरक मिथेनच्या फरकापेक्षा मोठा. दोन बेरजांची वजाबाकी केली की जे उरतं त्यात मिथेन किती आणि इतर किती, हे नंतर कितीही गणित केलं तरी वेगळं काढता येत नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्ये हे उघडपणे बोललं गेलं. नासाच्या गोडार्ड केंद्रातले मायकेल मुम्मा, जे स्वतः दुर्बिणींतून मंगळावरचा मिथेन शोधत आले होते, त्यांनी उपकरणाच्या कारागिरीचं कौतुक केलं पण ते या कामासाठी योग्य नाही असं सांगितलं. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी मग त्याच मोजमापांतून मंगळाचा पृष्ठभाग १.६५ मायक्रॉनला कुठे किती चमकतो याचे नकाशे काढले. ते काम उपयोगाचं आहेच, पण मूळ प्रश्न तसाच राहिला.

याला फसलेला प्रयोग म्हणण्याआधी मात्र एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मंगळावर मिथेन आहे की नाही, यावर जगाचंही अजून एकमत नाही. नासाच्या क्युरिऑसिटी बग्गीला जमिनीजवळ अब्जात अर्धा भाग, कधी अचानक सात, आणि २०१९ च्या जूनमध्ये एकदा एकवीस भाग मिळाले. त्याच वर्षी युरोपच्या ट्रेस गॅस ऑर्बिटरनं वरून तपासलं आणि सांगितलं की अब्जात ०.०५ भागसुद्धा दिसत नाही. दोन्ही उपकरणं नावाजलेली आहेत. पृथ्वीच्या हवेत हाच आकडा एकोणीसशेच्या पुढे आहे. म्हणजे पृथ्वीवर जे हजारात मोजतो ते तिकडे एकाहून कमीत शोधायचं होतं. मंगळयानाचं उपकरण अब्जातले काही भाग ओळखण्याच्या उद्देशानं बनवलं होतं. ते निर्दोष असतं तरी बहुधा 'नाही दिसला' एवढंच सांगू शकलं असतं. पण 'नाही दिसला' हेही ठामपणे सांगता येणं आणि काहीच सांगता न येणं, यात मोठा फरक आहे.

आता पृथ्वीवर परत येऊ.

कॅनडातली जीएचजीसॅट नावाची एक कंपनी आहे. २०१६ पासून ती मिथेन मोजणारे छोटे उपग्रह सोडते आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनपेक्षा फार मोठे नाहीत. त्यांत कोणतं उपकरण आहे माहितीये? फॅब्री-पेरो. आणि कोणता पट्टा? १.६५ मायक्रॉन. जात तीच, पट्टाही तोच. मग यांना दिसतं कसं?

फरक पावत्यांचा. फॅब्री-पेरोचा एक स्वभाव आहे. प्रकाश सरळ आला तर एक तरंगलांबी पलीकडे जाते, थोडा तिरका आला तर जराशी वेगळी. म्हणून या उपग्रहानं काढलेल्या फोटोत मध्यभागी एक तरंगलांबी असते आणि कडेकडेला वर्तुळांमध्ये दुसऱ्या. उपग्रह पुढे सरकताना खालच्या सुमारे १२ किलोमीटरच्या चौकोनाकडे नजर रोखून एकामागून एक, जवळपास दोनशे फोटो काढतो. त्यामुळे जमिनीवरचा प्रत्येक ठिपका कधी मध्यभागी येतो, कधी कडेला जातो, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबींत मोजला जातो. सगळे फोटो एकावर एक जुळवले की प्रत्येक ठिपक्याचा स्वतःचा वर्णपट तयार. आता कार्बन डायऑक्साइडनं कुठे खाल्लं, पाण्याच्या वाफेनं कुठे आणि मिथेननं कुठे, हे वेगळं काढता येतं. ठिपका साधारण २५ मीटरचा. एखाद्या गृहसंकुलाच्या इमारतीएवढा.

पण हा उपग्रह एका वेळी एवढासाच चौकोन बघतो. सगळी पृथ्वी अशी चाळत बसायची तर जन्म जाईल. त्यासाठी दुसरा भिडू आहे. युरोपचा सेंटिनेल-५पी, १३ ऑक्टोबर २०१७ ला सोडलेला. त्यावरचं ट्रोपोमी हे उपकरण २,६०० किलोमीटर रुंदीचा पट्टा बघतं आणि जवळजवळ रोज सगळी पृथ्वी झाडून काढतं. पण त्याचा एकेक ठिपका ७ किलोमीटर बाय साडेपाच किलोमीटरचा. या शहरावर काहीतरी जास्त आहे, इतकं तो सांगतो. कोणत्या गल्लीत ते नाही सांगू शकत.

नेदरलँड्सच्या स्रॉन या अंतराळ संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या दोघांची जोडी लावली. मोठ्या चाळणीनं शहरं निवडायची, मग भिंगानं जागा शोधायची. ऑगस्ट २०२२ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला. त्यात चार शहरं होती: ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई. मुंबईत भिंग ज्या जागेवर थांबलं ती जागा म्हणजे कांजूरमार्गचं कचराकेंद्र. अंदाज निघाला तासाला ९.८ टन मिथेन. वर्षाला साधारण ८५,००० टन.

आकडे असे ऐकले की कानावरून जातात, म्हणून घरातलं माप लावू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो. उष्णतेच्या हिशोबानं ९.८ टन मिथेन म्हणजे सुमारे साडेसातशे सिलिंडर. दर तासाला. आता इंदूरकरांनी कान टवकारावेत. इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या गोबरधन प्रकल्पाची क्षमता रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७ टन सीएनजी बनवायची आहे. हा उपग्रहाचा आकडा बरोबर धरला तर कांजूरमार्गाहून दोन तासांत जेवढा मिथेन हवेत जातो, तो इंदूरच्या प्रकल्पाच्या दिवसभराच्या गॅसपेक्षा जास्त भरतो. सगळाच पकडता आला असता असं नाही. कचऱ्याच्या ढिगातून गॅस गोळा करताना बराचसा निसटतोच. शिवाय तिकडे ओला कचरा आधीच वेगळा होऊन बंद टाकीत जातो, इकडे तो ढिगात गेलेला असतो.

'हा आकडा बरोबर धरला तर' असं मी म्हटलं. हा 'तर' किती मोठा आहे, ते आता बघू. आजच्या भागातला हा सगळ्यात महत्त्वाचा तुकडा आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

उपग्रह मोजतो ते 'आत्ता या हवेत किती जादा मिथेन तरंगतो आहे' एवढंच, म्हणजे किलोमध्ये. आपल्याला हवं असतं 'तासाला किती बाहेर पडतो'. ही दोन वेगळी मापं आहेत. बादलीत पाणी किती आहे हे बघून नळ किती जोरात चालू आहे ते सांगता येत नाही, विशेषतः बादलीला भोक असेल तर. इथे भोक म्हणजे वारा. वारा मिथेन सतत वाहून नेत असतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजण्यासाठी सोपे घेतलेत, ते कोणत्याही जागेचे नाहीत. समजा मिथेनचा एक पट्टा दिसला, एक किलोमीटर लांब, त्यात एकूण ५०० किलो जादा मिथेन. वारा सेकंदाला ३ मीटर असेल तर हा पट्टा पार व्हायला साधारण ३३३ सेकंद लागतात. म्हणजे ३३३ सेकंदांत ५०० किलो, तासाला साधारण ५.४ टन. आता तोच फोटो, तेच ५०० किलो, पण वारा सेकंदाला २ मीटरच होता असं धरा. उत्तर होतं तासाला ३.६ टन. उपग्रहाचं काहीच बदललं नाही, फक्त वारा एका मीटरनं बदलला आणि उत्तर तिसऱ्या हिश्शानं घसरलं.

आणि कांजूरमार्गचा वारा कुणी मोजला? प्रत्येक वेळी त्या ढिगाऱ्यावर वाऱ्याचं यंत्र घेऊन माणूस उभा नसतो. शास्त्रज्ञ हवामानाच्या संगणकीय प्रारूपांतून वारा घेतात. ठाण्याच्या खाडीच्या कडेला, जिथे दुपार झाली की समुद्राकडून वारा सुटतो, तिथे प्रारूपाचा वारा आणि प्रत्यक्षातला वारा यांत फरक पडायला वेळ लागत नाही. त्यात एका बाजूला खारफुटी, मधे काळसर चिखल, बाजूला सिमेंटचे रस्ते. काळी जमीन प्रकाश कमी परत पाठवते, त्यामुळे तिथला हिशोब जास्त डळमळतो.

तिसरी गोष्ट वेळेची. उपग्रह जातो तेव्हा काही सेकंद बघतो. त्या क्षणांचा 'तासाला इतके' हा दर ८,७६० तासांनी गुणला की वर्षाचा आकडा होतो. कचऱ्याच्या ढिगातून येणारा वायू तेलविहिरीच्या गळतीसारखा आज आहे उद्या नाही असा नसतो, तो बऱ्यापैकी सतत येतो. तरी हवेचा दाब उतरला की ढिगातून जास्त वायू बाहेर येतो, दाब चढला की कमी. शिवाय मुंबईत जून ते सप्टेंबर ढग. ढगांतून हे उपकरण पाहू शकत नाही. पावसाळ्यात, जेव्हा कचरा सगळ्यात ओला असतो, तेव्हाचं मोजमाप जवळजवळ नसतंच.

एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग हा आकडा टाकूनच द्या. नाही. कारण समोर जो दुसरा आकडा आहे तो मोजलेलाच नसतो. सरकारी आणि जागतिक यादीतले आकडे कागदावर काढतात: इतका टन कचरा आला, त्यात इतका टक्का ओला, तो इतक्या वर्षांत असा असा कुजतो, त्यातून इतका मिथेन. पद्धत वाईट नाही, पण आत टाकलेला प्रत्येक टक्का अंदाजाचा. त्या अभ्यासात या चार शहरांचा आकाशातून मोजलेला मिथेन नेहमीच्या जागतिक यादीतल्या आकड्यांच्या १.४ ते २.६ पट निघाला. वाऱ्याची चूक कधी जास्त दाखवेल, कधी कमी. पुष्कळ वेळा बघून, चारही शहरांत एकाच बाजूला फरक येत असेल, तर तो निव्वळ वाऱ्याचा खेळ म्हणून सोडून देणं मला पटत नाही. ९.८ मधल्या दशांशावर मी पैज लावणार नाही. पण तिथून मोठ्या प्रमाणात मिथेन निसटतो आहे, यावर लावीन.

कांजूर, विक्रोळी, भांडुपकडच्या लोकांना हे सांगायला उपग्रह लागला नाही, असं तुम्ही म्हणाल. त्यांना रात्री वास येतो. पण इथे एक घोळ होतो तो टाळायला हवा. त्यांना येणारा वास मिथेनचा नाही, तो हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकाच्या वायूंचा आणि कुजणाऱ्या इतर रसायनांचा असतो. कुजणं एकच, वायू वेगळे. उपग्रहाचा मिथेनचा आकडा वासाच्या तक्रारीचा थेट पुरावा नाही, आणि वास कमी झाला म्हणून मिथेन कमी झाला असंही नाही. वासावर फवारा मारता येतो, मिथेनवर नाही.

कोर्टातही हे दोन धागे वेगळेच राहिले. २ मे २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं कांजूरमार्गची सुमारे १२० हेक्टर जागा संरक्षित वन असल्याचं सांगितलं. त्या निकालाचा पाया वनकायदा होता, वायूचं मोजमाप नव्हे. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. मुंबईचा बहुतांश कचरा तिथेच जातो, आणि दुसरीकडे पाठवायचा तर कुठे, याचं उत्तर कुणाच्या खिशात तयार नव्हतं.

बंगळुरूकरांनी मुंबईकडे बोट दाखवून हसू नये. इथल्या मंडूर गावातल्या लोकांनी २०१४ मध्ये शहराचा कचरा घेणं थांबवायला लावलं, ते काही हौसेनं नव्हे. आणि आमचं बेळ्ळंदूर तळं तर जगप्रसिद्ध आहे. १६ फेब्रुवारी २०१७ ला पाण्यावर आग लागली. तळं पेटलं म्हणून बातम्या झाल्या. २०१८ च्या जानेवारीत पुन्हा. सांडपाण्यानं भरलेल्या तळ्याच्या तळाशी मिथेन तयार होतो, हे तर उघड आहे. आगीत त्याचा वाटा किती आणि वाळलेल्या गवताचा, कचऱ्याचा किती, यावर बरीच चर्चा झाली.

मग उपग्रहानं बेळ्ळंदूरचा मिथेन मोजावा की! मोजता येत नाही, निदान सहजासहजी नाही. तळं साधारण ९०० एकरांचं, म्हणजे साडेतीन चौरस किलोमीटरच्या वर थोडं. ट्रोपोमीचा एक ठिपका साडेअडतीस चौरस किलोमीटरचा. तळ्यासारखी दहा तळी त्या एका ठिपक्यात मावतील. बरं, भिंग लावलं तरी पाणी आडवं येतं. या अवरक्त पट्ट्यांत पाणी काळंकुट्ट असतं, प्रकाश परत पाठवतच नाही. परत आलेल्या प्रकाशावर सगळा हिशोब, आणि इथे प्रकाशच नाही. दुसरं असं की तळ्यातला मिथेन एका तोंडातून फवाऱ्यासारखा निघत नाही, बुडबुड्यांनी सगळीकडून थोडाथोडा येतो. भाताच्या खाचरांचं तेच, गुरांचंही तेच. भारतातला बराचसा मिथेन गुरं आणि भात यांचाच आहे, आणि तो असा पसरलेला आहे. भिंगवाल्या उपग्रहाला ठळक पट्टे दिसतात, मंद पसारा दिसत नाही. त्यामुळे फक्त उपग्रहांच्या यादीवर विसंबलं तर कचऱ्याचे डोंगर आणि तेलविहिरी दिसत राहतील आणि कोकणातली खाचरं दिसणारच नाहीत.

आता शेवटचा प्रश्न, जो मला बंगळुरूत बसून जास्त टोचतो. आपले स्वतःचे डोळे आहेत का? या शहरात उपग्रह बनवणाऱ्या खासगी कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. पिक्सेलचे 'फायरफ्लाय' उपग्रह २०२५ मध्ये वर गेले. दीडशेच्या वर रंगपट्ट्यांत ते पाच मीटरचा तपशील बघतात, पिकांसाठी, पाण्यासाठी, खाणींसाठी. पण ते ०.४७ ते ०.९ मायक्रॉनमध्ये बघतात. मिथेनचे पट्टे १.६५ आणि २.३ ला. म्हणजे त्यांच्या नजरेपलीकडे. पुढच्या 'हनीबी' मालिकेत २.५ मायक्रॉनपर्यंत जायचं कंपनीनं जाहीर केलं आहे. ते झालं तर गोष्ट वेगळी. नासाच्या एमिट या उपकरणाचा अनुभव इथे आशा देतो. २०२२ मध्ये ते अंतराळ स्थानकावर बसवलं ते वाळवंटातल्या धुळीतली खनिजं ओळखण्यासाठी. पण त्याला सगळा वर्णपट, सगळ्या पावत्या मिळत होत्या, म्हणून काही महिन्यांतच त्यानं मिथेन सोडणाऱ्या पन्नासहून जास्त जागा दाखवल्या. आपलं उपकरण मिथेन शोधायला गेलं आणि जमिनीचा नकाशा घेऊन आलं, त्यांचं माती बघायला गेलं आणि मिथेन घेऊन आलं.

तोवर आपल्या जागांची मोजमापं बहुतेक बाहेरूनच येणार. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं नोव्हेंबर २०२२ मध्ये एक व्यवस्था जाहीर केली. उपग्रहांना मोठी गळती दिसली की त्या त्या देशाला कळवायचं. तिचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, आणि आद्याक्षरं जुळवली की होतं 'मार्स'. मंगळ. नाव ठेवणाऱ्यांना आपल्या यानाची गोष्ट माहीत असण्याचं कारण नाही.

या व्यवस्थेचे आणि कार्बन मॅपर या संस्थेचे नकाशे इंटरनेटवर कुणालाही मोफत बघता येतात. तुमच्या शहराच्या कचराकेंद्रावर एखादा ठिपका दिसला तर त्यावर टिचकी मारा. तासाला किती किलो हा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो. त्याच्या शेजारी अधिक-उणे लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. मग तारीख बघा: एकाच दिवसाचं मोजमाप आहे की पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि त्या वेळचा वारा किती धरला होता, तेही दिलं असेल तर बघा. मग महापालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज करायचा असेल तर तिथे विचारायचा प्रश्न असा: ढिगातून दरमहा किती गॅस गोळा झाला, त्यातला किती जाळला, किती वापरला, आणि तो मोजायचं मीटर कुठे बसवलं आहे?